आबांच्या ट्रंकेतली लढाईच्या काळातली पाकिटं: वर्षभराचा प्रवास

नोव्हेंबर २०२४, दिवाळीचा पाडवा. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या घराची कौलं पावसाळ्यात सरकली होती, म्हणून माळा रिकामा करायला घेतला. कोपऱ्यात आबांची काळी पत्र्याची ट्रंक होती. वर पांढऱ्या रंगात नंबर, नाव आणि पलटणीची खूण. आबा म्हणजे माझे आजोबा. १९४० साली बेळगावला मराठा पलटणीत भरती झाले, १९४६ ला घरी परतले. ट्रंकेत गणवेशाचा पट्टा, एक मग आणि कापडात बांधलेला पत्रांचा गठ्ठा निघाला.

असा गठ्ठा हातात आल्यावर पुढे काय करायचं हे कुणालाच नीट माहीत नसतं. मलाही नव्हतं. म्हणून झालं तसं, तारीखवार लिहिते आहे.

मोजली तेव्हा ४७ पाकिटं भरली. ३५ मध्ये पत्रं होती, १२ रिकामी होती. शिवाय आबांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या आजोबा, संयुक्त राष्ट्रांच्या सेनेबरोबर गाझाला गेले होते, त्यांची ६ पाकिटं वेगळ्या पुडक्यात होती. त्यांवर १५ पैशांचं नेहरूंचं तिकीट आणि त्यावर ‘यूएनईएफ’ अशी अक्षरं छापलेली.

४७ पैकी ९ पाकिटांचे कोपरे कापलेले होते. चुलत भाऊ शाळेत असताना तिकिटं जमवायचा, त्याने ती कापून वहीत चिकटवली होती. तेव्हा सगळेच तसं करायचे. पण हे आधी सांगते: पाकिटावरचं तिकीट कधीही कापू नका, पाण्यात भिजवून सोडवू नका. तिकीट, त्यावरचा शिक्का, पत्ता आणि सेन्सॉरची खूण हे सगळं एका कागदावर एकत्र असतं, तेव्हाच ते पाकीट काहीतरी सांगतं. सुटं झालेलं तिकीट बाजारात दहा-वीस रुपयांना मिळतं.

बाकीची पाकिटं वाचली, कारण बहुतेकांवर तिकीटच नव्हतं. आघाडीवरच्या सैनिकाला साधं पत्र फुकट पाठवता यायचं. वर ‘ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस’ लिहायचं, बस्स. विमानाने पाठवायचं असेल तर मात्र तिकीट लावावं लागे, आणि परदेशातल्या आपल्या फील्ड पोस्ट ऑफिसात, म्हणजे फौजेबरोबर फिरणाऱ्या टपाल ऑफिसात, भारतीय तिकिटंच चालत. भावाने कापली ती हीच. तिकीट नाही म्हणून जी पाकिटं पोरांनी बाजूला टाकली, तीच पुढे कामाची ठरली.

दिवाळीनंतर गठ्ठा पुण्याला आणला. पहिल्याच आठवड्यात तीन चुका होता होता राहिल्या. शेजारच्या काकूंनी घड्या काढायला इस्त्री फिरवायला सांगितली, ऑफिसातल्या एकाने लॅमिनेशन सुचवलं आणि मी स्वतः फाटलेल्या कडांना सेलोटेप लावायला निघाले होते. यातलं काहीही करू नका. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि कागदात उतरतो. मी पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पिशव्या आणि एक अल्बम घेतला, खर्च ११५० रुपये. साध्या प्लॅस्टिकच्या, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, त्या कागदाला चिकटतात. काही पत्रांना कसर लागली होती. ती वेगळी काढून आठवडाभर सावलीत, हवेवर ठेवली आणि मऊ ब्रशने झटकली. मग प्रत्येक पाकिटाचा पुढून-मागून फोटो काढून वहीत नंबर टाकला. दोन रविवार गेले. पण पुढे जिथे जिथे गेले तिथे पहिल्यांदा ही वहीच मागितली गेली.

डिसेंबरच्या मध्यावर पुण्याच्या जीपीओत फिलाटेली, म्हणजे तिकीटसंग्रहाच्या, विभागात गेले. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. पोस्ट खातं जुनी तिकिटं विकत घेत नाही आणि त्यांची किंमतही ठरवून देत नाही. तिथे नवी तिकिटं मिळतात आणि २०० रुपये भरून खातं उघडलं की निघेल ते तिकीट घरपोच येतं. तो छंद वेगळा. ‘महापेक्सला जा, तिथे मिलिटरी मेलवाले भेटतील,’ असं त्यांनी सांगितलं. महापेक्स म्हणजे राज्याचं टपाल तिकिटांचं प्रदर्शन, आणि मिलिटरी मेलवाले म्हणजे सैन्याचं टपाल जमवणारे. हा सल्ला मोलाचा निघाला.

महापेक्सच्या आधी एक वाईट अनुभव आला. मुंबईत फोर्ट भागात एका व्यापाऱ्याला गठ्ठा दाखवला. त्याने पाचेक मिनिटं चाळला, सगळ्याचे मिळून ४००० रुपये देतो म्हणाला, आणि म्हणाला, ‘पत्रं तुम्ही घेऊन जा, मला पाकिटंच हवीत.’ पैसे कमी वाटले, पण त्याहून टोचलं ते दुसरं वाक्य. ऐंशी वर्षं पत्र ज्या पाकिटात राहिलं, ते तिथेच टेबलावर त्यातून उपसायला तो सांगत होता. मी गठ्ठा बांधला आणि स्टेशनकडे निघाले. पहिल्या माणसाला पहिल्या दिवशी काहीही देऊ नका, एवढं मी तिथे शिकले.

जानेवारी २०२५ मध्ये कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये महापेक्स भरलं होतं. एकेका फ्रेममध्ये सोळा पानं, अशा फ्रेमच्या रांगाच रांगा. एका रांगेत फक्त भारतीय सैन्याची टपाल होती. १९०० साली चीनला गेलेल्या फौजेची ‘सीईएफ’ छापलेली तिकिटं, पहिल्या महायुद्धातली ‘आयईएफ’ छापलेली, १९५३ ची कोरियातली देवनागरीत छापलेली. तिथे उभ्या असलेल्या एका वयस्कर संग्राहकांना मी फोनमधले फोटो दाखवले. त्यांनी खुर्ची ओढून दिली आणि दीड तास शिकवलं.

फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यात गावाचं नाव नसतं, फक्त ‘एफपीओ’ आणि नंबर. पलटण कुठे आहे हे शत्रूला कळू नये म्हणून. तो नंबर कुठल्या डिव्हिजनबरोबर होता याच्या याद्या आता छापील मिळतात. त्यांनी पिशवीतून जाडजूड पुस्तक काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘आठवी इंडियन डिव्हिजन. तुमचे आजोबा इटलीत होते, ताई.’

आमच्या घरात ऐंशी वर्षं सगळे म्हणायचे, आबा आफ्रिकेत होते. आबांनी कधी दुरुस्त केलं नाही. ते लढाईविषयी बोलतच नसत. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघांना इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे शाळेत वाचलेलं होतं. आमच्याच घरातला माणूस त्याच देशात, त्याच चिखलात होता, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं. मला थोडा वेळ काही बोलता आलं नाही. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

त्यांनी हिरवी पाकिटंही ओळखली. अशी दोन निघाली. साधं पत्र पलटणीतलाच अधिकारी वाचायचा, कोपऱ्यात सही करायचा. हिरव्या पाकिटात मात्र सैनिक स्वतः इमानावर लिहून द्यायचा की आत फक्त खासगी आणि घरगुती मजकूर आहे. ते पलटणीत उघडत नसत, मागच्या तळावर उघडलं जाऊ शकत असे. त्या छापील इंग्रजी मजकुराखाली आबांची सही आहे, एकेक अक्षर दाबून काढलेलं.

सहीचं सांगायला हवं. आबा भरती झाले तेव्हा निरक्षर होते. १९४२ ची पत्रं एका हाताची, १९४३ ची दुसऱ्या, १९४४ ची तिसऱ्या. जो कुणी लिहिणारा सोबती असेल त्याच्याकडून लिहून घेतलेली. फौजेत तेव्हा रोमन लिपीतून शिकवत. १९४५ च्या एका पाकिटावर पत्ता रोमन अक्षरात आहे, पेन्सिलीने, ओळ खाली घसरत गेलेली. ‘कोरेगाव’मधला ‘जी’ आधी उलटा काढलेला, मग खोडून सरळ केलेला. हे आबांचं स्वतःचं अक्षर. आमच्याकडे असलेलं सगळ्यात जुनं.

विकायचं कशाला, असं कुणीही विचारेल. आमचं पुण्यातलं घर लहान आहे, गावाकडचं घर गळतं, आणि पुढच्या पिढीत हे सांभाळणारं कुणी नाही. ज्याच्याकडे यांची नीट जागा आहे त्याच्याकडे ती जावीत, असं मला मनापासून वाटत होतं. पण ट्रंक माझ्या एकटीची नव्हती. फेब्रुवारीत गावाला गेले. बापूकाका लगेच हो म्हणाले. आत्याचं वय ७८. तिने हिरवं पाकीट हातात धरलं आणि म्हणाली, ‘आबाचं हाय ते. त्याला किंमत लावायची व्हय गं पोरी?’

मी त्या दिवशी पुढे काही बोलले नाही. आठ दिवस तिथेच राहिले आणि रोज रात्री तिला पाच-पाच पत्रं वाचून दाखवली. ‘तीर्थरूप बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’ इथून सुरुवात, मग बैलांची चौकशी, मग कुणाचं लग्न ठरलं का. घरून गेलेली तीन पत्रं मोडीत होती, आबांनी ती जपून परत आणलेली. त्यांची पाच पानं नंतर मोडी वाचणाऱ्या एका बाईंकडून वाचून घेतली, पानाला १५० प्रमाणे ७५० रुपये. आठव्या रात्री आत्याने स्वतः पाकिटं तिच्यासमोर पसरायला सांगितली आणि १४ बाजूला काढली. त्यात एक हिरवं आणि ते पेन्सिलीचं होतं. ‘ही घरात ऱ्हातील. बाकीची नीट माणसाकडं जाऊ देत. पर पत्र आन् पाकीट येगळं करायचं न्हाय,’ असं तिने सांगितलं. तोच नियम पुढे सगळीकडे पाळला.

मार्चमध्ये संमतीपत्र केलं. शंभराचा स्टॅम्पपेपर आता चालत नाही, पाचशेचा घ्यावा लागला. नोटरीचे ३०० धरून ८०० रुपये. कुठली पाकिटं विकायची त्याची नंबरवार यादी सोबत जोडली. घरात कितीही गोडी असली तरी हे लेखी कराच. लिलाववाल्यांनी पुढे मालकीविषयी विचारलं तेव्हा हाच कागद दिला.

मधल्या काळात मी एका फेसबुक ग्रुपवर काही फोटो टाकले होते. फोटो टाकताना पत्ता झाकावा. आमचं कुटुंब अजून त्याच गावात, त्याच घरात राहतं हे माझ्या लक्षात नंतर आलं. इंग्लंडमधल्या एका संग्राहकाने हिरव्या पाकिटाला ६० पौंड देऊ केले आणि पोस्टाने पाठवा म्हणाला. मी पाठवणारच होते. महापेक्समध्ये भेटलेल्या काकांना सहज फोन केला, त्यांनी थांबवलं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात साधारण वस्तू शंभर वर्षांनी पुरावशेष ठरतात, पण ऐतिहासिक महत्त्वाची हस्तलिखितं आणि कागदपत्रं ७५ वर्षांनीच. १९४३ च्या पत्राला ती कधीच उलटली. पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. आपली वस्तू त्यात येते की नाही हे आपण घरी बसून ठरवायचं नसतं. त्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून, वस्तू दाखवून, ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. मुंबई मंडळाचं ऑफिस सायनच्या किल्ल्यापाशी आहे. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की देशातच विका, आणि हा धंदा म्हणून करणाऱ्याला परवाना लागतो हेही ध्यानात ठेवा. घरच्या वस्तू एकदाच विकणं वेगळं. त्या इंग्लंडच्या गृहस्थांना मी नकार कळवला, त्यांनीही समजून घेतलं.

एप्रिल २०२५ मध्ये एका लिलाव कंपनीकडे माल दिला. विकायची २४ आणि गाझाची ६, अशी ३० पाकिटं. मी स्वतः घेऊन गेले. एवढ्या वर्षांनी ती टपालाने पाठवायचा मला धीर झाला नाही. पॅन, आधार, रद्द केलेला चेक, संमतीपत्र आणि वहीची झेरॉक्स एवढं लागलं. करार दोन पानी होता. विकल्या गेलेल्या किमतीवर १५ टक्के कमिशन, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, पैसे लिलावानंतर ४५ दिवसांत. ३० पाकिटांचे त्यांनी ११ लॉट, म्हणजे एकेका बोलीत विकायचे गट, पाडले. प्रत्येकाची कमीत कमी किंमत करारात लिहून घ्या, तोंडी नको. आणि प्रत्येक लॉटमध्ये कुठली पाकिटं आहेत ते तुमच्या नंबरांनी पावतीवर टाकून घ्या.

मग पाच महिने काहीच नाही. मे गेला, पाऊस आला, कौलं उधारीवर बदलून घेतली. दर महिन्याला फोन केला की ‘कॅटलॉगचं काम चालू आहे’ हेच उत्तर. या काळात मी अस्वस्थ असायचे. रात्री जाग आली की वाटायचं, तिकडे गोदामात पाणी तर शिरलं नसेल ना. ऑगस्टअखेर कॅटलॉग आला, तर त्यात नोव्हेंबर १९४३ च्या चार पाकिटांच्या लॉटखाली ‘बर्मा’ छापलेलं. मी एफपीओच्या यादीचा फोटो पाठवला. लिलावाच्या दिवशी त्यांनी दुरुस्ती वाचून दाखवली. कॅटलॉग आल्याबरोबर ओळ न् ओळ वाचा. चुकीचं वर्णन छापलं की खरा घेणारा तुमच्या लॉटकडे वळतच नाही.

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी लिलाव झाला. आत्या पुण्याला आली होती. फोन टेबलावर उभा करून दोघी बसलो. एकेक लॉट अर्ध्या-एक मिनिटात संपतो. हिरवं पाकीट पत्रासकट ६२०० ला गेलं. नोव्हेंबर १९४३ चा लॉट ९५०० पर्यंत चढला. दोघे जण शेवटपर्यंत भिडले होते, आत्याने माझा हात घट्ट धरला होता. गाझाच्या पाकिटांचे दोन्ही लॉट आणि आणखी एक, असे तीन कुणीच घेतले नाहीत. ती तिकिटं पुष्कळ उपलब्ध आहेत, असं नंतर कळलं.

आठ लॉटचे मिळून ३८,६०० रुपये झाले. कमिशन ५७९० आणि त्यावरचा जीएसटी १०४२ वजा जाऊन ३१,७६८ रुपये खात्यात जमा झाले, ४५ नव्हे तर ५८ दिवसांनी, दोन आठवणीच्या ईमेलनंतर. माझा खर्च प्रवासाच्या २४४० सकट ५१४०. उरलेले २६,६२८ तीन वाट्यांत, प्रत्येकी ८८७६. दुसऱ्या महायुद्धातली साधी सैनिकी पाकिटं हजारोंनी उपलब्ध आहेत, तेव्हा लाखांची अपेक्षा धरून कुणी निघू नये. न विकलेले तीन लॉट स्पीड पोस्टाने परत आले. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालं, त्यामुळे पूर्वीची ती रजिस्टरची चिठ्ठी आता दिसत नाही.

नोव्हेंबरमध्ये लिलाव कंपनीकडून एक ईमेल आला. घेणाऱ्याचं नाव ते सांगत नाहीत, पण १९४३ चा लॉट घेतलेल्या संग्राहकाला मराठी येत नव्हतं आणि पत्रांत काय लिहिलंय ते त्याला हवं होतं. मी आत्याला विचारलं, ती हो म्हणाली. चारही पत्रांचं हिंदी भाषांतर करून पाठवलं. त्यातल्या एका पत्रात असं आहे: ‘येथे पाऊस थांबत नाही. नदीस पाणी फार आले आहे, श्रावणात आपल्या कृष्णेस येते तसे.’ आणि त्याच्यापुढची दीड ओळ सेन्सॉरने काळ्या शाईने पुसलेली. उजेडात धरली तरी अक्षर दिसत नाही, मी स्कॅन करतानाही खूप प्रयत्न केला होता.

आठवड्याने त्याचं उत्तर कंपनीमार्फत आलं. सोबत इटलीच्या पूर्व किनाऱ्याचा नकाशा, एका नदीवर लाल खूण. शिक्क्याची तारीख आणि एफपीओचा नंबर लावून त्याने जागा काढली होती. नदीचं नाव सांग्रो. त्या नोव्हेंबरात तिला पूर आला होता आणि फौजेने टाकलेले पूल वाहून गेले होते.

आत्याला फोनवर सांगितलं. तिने नाव दोनदा विचारलं, नातवाकडून कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाली, ‘म्हंजी काळ्या शाईखाली पूलच आसंल.’